चार बोटं कापड

वन्संनी मागाची लांब फणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "धर. वाकवू नकोस." मग त्या परत आत गेल्या. गॅरेजच्या दारातून काळा धूर येत होता आणि तो दाराच्या निम्म्यापर्यंत खाली उतरला होता. त्या कमरेत वाकून त्याच्याखालून गेल्या. मी फणी दोन्ही हातांनी धरली, कारण एका हाताने धरली की ती मध्ये झुकते. आतून त्यांचा आवाज आला, "धोटा गं, धोटा राहिला..." त्यानंतर काही ऐकू आलं नाही. पत्रा तापून तडतडत होता. शेजारची गोरी बाई कुंपणापलीकडून ओरडली, मग धावत आली आणि तिने मला मागे ओढलं. मी तिच्याबरोबर मागे मागे गेले तेव्हाही फणी माझ्या हातात सरळ होती. छप्पर खाली बसलं तेव्हा मी गवतावर उभी होते. दाराच्या बाजूला वन्संच्या जँडल होत्या. इथे रबरी सपातांना जँडल म्हणतात. निळ्या, एकीला एक लावून ठेवलेल्या. माग असतो तिथे पायात घालून जायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आग लागलेली असतानाही त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या, दोन्ही वेळा.

हे न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला घडलं, गेल्या फेब्रुवारीत, दुपारी तीनच्या सुमाराला. इंदू वन्सं माझ्या नणंद, माझ्या नवऱ्याच्या धाकट्या बहीण. त्यांच्या दिलीपने मामाची मुलगी केली, म्हणजे माझी सुनंदा, त्यामुळे त्या माझ्या विहीणही झाल्या. दिलीप इथे औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि सुनंदा हॉस्पिटलात नर्स. आम्ही दोघी विधवा झाल्यावर त्यांनी दोघींनाही इकडे आणलं. पाच वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मी चौथी शिकलेली बाई आहे आणि पेपरात लिहायची मला हौस नाही. पण तिकडे नात्यागोत्यात, पाहुण्यांत काय बोललं जातंय ते पत्रांतून कळतं. म्हातारीने नसते चाळे केले, परदेशात जाऊन मागाला रंग काढत बसली आणि स्वतःच्या निष्काळजीपणाने जळून गेली, असं म्हणतात. हे खरं नाही. खरं काय ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, म्हणून लिहिते आहे.

आम्ही इचलकरंजीचे, कोष्टी. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा चौदा वर्षांची होते आणि वन्सं सोळाच्या. त्यांचं लग्न ठरत होतं. घरात एक खड्ड्याचा माग होता. विणणाऱ्याने जमिनीवर बसायचं आणि पाय खड्ड्यात पावड्यांवर सोडायचे, असा. त्यावर मामंजी बसत, ते उठले की माझे यजमान बसत. बायकांचं काम रहाटावर कांड्या भरायचं. कांडी म्हणजे धोट्यात घालायची सुताची नळी. सकाळी चूल झाली की कांड्या, दुपारी कांड्या, दिवेलागणीपर्यंत कांड्या. बाईने मागावर बसायचं नाही. का, ते कोणी विचारत नव्हतं. मी तर नाहीच. मला बसायचंही नव्हतं, पाठ दुखायचं एकच काम पुरे होतं. पण वन्संचा डोळा मागावर असायचा. कांडी भरताना त्यांचे पाय खाली हलायचे, मामंजींच्या पावडीबरोबर... डावा, उजवा, डावा. सासूबाई म्हणायच्या, "इंदे, पाय आवर."

एकदा मामंजी आणि माझे यजमान सूत आणायला गेले होते आणि सासूबाई नदीवर. मी मागच्या दारी भांडी घासत होते. माग वाजायला लागला. मी आत डोकावले तर वन्सं खड्ड्यात पाय सोडून बसल्या होत्या. पदर खोचलेला, तोंडात शीळ घालावी तसे ओठ. धोटा इकडून तिकडे जात होता आणि तो कुठेही अडकत नव्हता. त्यांनी मला बघितलं नाही. चार बोटं कापड विणलं आणि उठल्या. संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. का सांगितलं? मी नवी होते, त्या घरात मला कोणी विचारत नव्हतं, आणि सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच होतं. मामंजी ओरडले नाहीत. त्यांनी दिवा जवळ घेतला आणि ते चार बोटं कापड एकेक धागा करून उसवलं. वन्सं भिंतीशी बसून बघत होत्या. धागा उसवला की त्याची कांडी पुन्हा भरावी लागते. ती मामंजींनी त्यांनाच भरायला दिली.

पुढच्या महिन्यात त्यांचं लग्न झालं. सासरही विणकराचंच होतं, चार गल्ल्या पलीकडे. तिथेही रहाटच. पुढे सगळीकडे पॉवरलूम आले आणि हातमाग बसले. मामंजी गेल्यावर घरचा माग मोडून जळणाला घातला, तेव्हा वन्सं माहेरी आल्या होत्या. त्यांनी कोणाला न विचारता मामंजींचा धोटा उचलून पिशवीत टाकला. मी पाहिलं. या वेळी कोणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं कोणी उरलंही नव्हतं. तोच धोटा पुढे त्यांच्या ट्रंकेतून न्यूझीलंडला आला. लाकूड काळंभोर झालेलं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी.

इथे आल्यावर आमचं काही गोडीगुलाबीने चाललं होतं असं कोणी समजू नये. त्या मुलाची आई आणि मी मुलीची आई, शिवाय मी भावजय. मी दोन्हीकडून खालची. "वहिनी, लेकीच्या घरचा भात जरा कमी लावत जा," असं म्हणायच्या. मी म्हणायचे, "तुमच्या लेकाला कोणी खाऊ घालायचं मग, तुम्ही?" त्यांना स्वयंपाक धड येत नव्हता. सुनंदा दोघींना म्हणायची, "तुम्ही दोघी ना, टू मच." दिलीप म्हणायचा, "चालू दे गं. गप्प बसल्या की मला भीती वाटते."

वन्सं बाहेर जायच्या, मी जात नव्हते. रिकार्टनच्या बाजूला एका हॉलमध्ये बुधवारी म्हाताऱ्या गोऱ्या बायका जमतात, लोकर कातायला आणि विणायला. एकदा सुनंदाने त्यांना करमणूक म्हणून तिथे सोडलं. परत आल्या त्या जेवेचनात. "वहिनी, तिथे सगळ्या बायका मागावर बसतात," म्हणाल्या. "पुरुष एकसुद्धा नाही. एकीचा नवरा न्यायला आला तर दाराशी उभा राहिला, आत येईना." मी म्हटलं, "मग? इथले पुरुष कांड्या भरतात का?" त्या हसल्या नाहीत. त्या दिवसापासून एकही बुधवार चुकला नाही, पण दुसरीच्या मागावर त्या बसल्या नाहीत, लोकर कातायच्या आणि बघत राहायच्या. तिथेच त्यांनी इंग्रजी उचललं. आल्यागेल्याला "किया ओरा" आणि कशालाही "स्वीट ॲज," म्हणजे झकास. भात करपला तरी स्वीट ॲज, पाऊस आला तरी स्वीट ॲज. दिलीप लाजेने लाल व्हायचा. बहात्तर वर्षांची नऊवारीतली बाई डेअरीवाल्याला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, स्वीट ॲज म्हणते, हे त्याला सोसायचं नाही.

आगीच्या आदल्या वर्षी एप्रिलमध्ये त्या बायकांपैकी एकीने सांगितलं की एका शाळेतला जुना माग काढून टाकायचा आहे, नेणाऱ्याने न्यावा. दिलीपने मित्राचा ट्रेलर लावून तो आणला. गोऱ्यांचा माग जमिनीवर चार पायांवर उभा असतो, बसायला बाक असतो, खड्डा लागत नाही. शाळेने त्यावर पिवळसर रंगाचे थरावर थर चढवले होते. पोरांनी नावं कोरली होती, त्यावर पुन्हा रंग. गॅरेजमधली गाडी बाहेर रस्त्यावर गेली आणि माग आत आला. वन्संनी दारात जँडल काढल्या, आत जाऊन त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि नखाने एका जागचा रंग खरवडला. खाली तांबूस लाकूड होतं, रिमूचं, इथलंच झाड. मला म्हणाल्या, "हा माझा."

मी म्हटलं, "या वयात?"

"तुझं वय काय कमी आहे?"

"मी कुठे मागावर बसते आहे?"

"तू बसूच नकोस. चहाड्या करायला बाहेर कोणीतरी हवं."

मी घरात निघून आले. तोवर मला वाटत होतं त्यांना ते माहीत नाही.

तो सगळा हिवाळा त्यांनी रंग खरवडण्यात घालवला. पातळ पातं घेऊन खरवडायचं, मग खरकागद, मग बारीक खरकागद. गॅरेजमध्ये इतकी थंडी की तोंडातून वाफ निघायची. मी मदत केली नाही. लाकूड आहे तसं राहू द्यावं, थोडं तेल फिरवावं आणि उभ्या सुताचा ताणा चढवावा, असं माझं म्हणणं. मागाला कोणी रंग देतं का? आमच्याकडे दसऱ्याला हळदकुंकू वाहायचं, तेवढाच रंग. पण त्यांचं सगळं उघडं लाकूड करून झालं आणि त्या म्हणाल्या, "आता याला रंग देणार. दुकानातला नाही."

"काय उणं आहे याला?"

"आयुष्यभर मी दुसऱ्याने ठरवलेल्या रंगाच्या कांड्या भरल्या," त्या म्हणाल्या. "सूत देणाऱ्या शेटने सांगितला तो लाल, शेटने सांगितला तो हिरवा. मला कोणी विचारलं नाही. आता मी ठरवणार."

एका रविवारी दिलीप आम्हाला डोंगराकडे घेऊन गेला होता. इथल्या नद्या एका पात्रात राहत नाहीत, दगडगोट्यांमधून दहा वाटांनी पसरतात. पुलाशी वन्संनी गाडी थांबवायला लावली. त्या पात्रात उतरल्या आणि ओच्यात दगड भरून आणले. सगळे करडे, मला सगळे सारखेच. त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत एका रांगेत मांडले आणि रोज एकेक ओला करून बघायच्या. पुढे डोंगरावर टसॉक म्हणतात ते वाळकं गवत, उन्हात उंटाच्या रंगाचं. त्याची एक जुडी आणली. घरामागच्या भिंतीवरचं शेवाळ सुरीने काढून बशीत ठेवलं. सुनंदा म्हणाली, "आत्या, किचनमध्ये शेवाळ?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचं पिठलं चालतं ना?"

आणि मग रंग शिजवायला लागल्या. कांद्याची सालं घरोघरी मागितली. पुकेकोहे नावाच्या गावचा कांदा इथे पोत्याने मिळतो आणि वरची सालं दुकानदार फुकट देतो. सालं उकळली की गवताचा रंग येतो. अक्रोडाची हिरवी टरफलं एप्रिलमध्येच रस्त्यावरून गोळा करून बादलीत भिजत घातली होती. ती कुजून काळी झाली, घाण वास सुटला, आणि त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले ते दोन महिने गेले नाहीत. दिलीपच्या ओळखीच्या एका डॉक्टरीणबाई जेवायला आल्या होत्या, त्यांनी हात बघून दिलीपला बाजूला नेऊन विचारलं, काही आजार आहे का. करड्या रंगासाठी चहाचा काढा आणि व्हिनेगरमध्ये गंजवलेले खिळे. ते दोन्ही लाकडावर एकावर एक लावलं की लाकूड बघता बघता दगडासारखं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, ते बघायला मी रोज जायला लागले. आधी दारात उभी राहायचे, मग आत. जँडल काढून. पुढे त्या फडकं माझ्या हातात द्यायच्या आणि मी पुसायचे. काय चुकलं की "वहिनी, भांडी नाहीत ही," असं ओरडायच्या.

मागाचे चार पाय नदीच्या दगडाचे झाले. बाजूच्या चौकटी गवताच्या. पावड्या अक्रोडाच्या, कारण तिथे पाय लागतो आणि मळ दिसत नाही. बाकाला पिवळा दिला, हळदीचा नाही, कारण हळद उन्हाने उडते. इथे कोव्हाय नावाचं झाड वसंतात पिवळं फुलतं, त्याच्या फुलांचा. शेवाळाचा रंग मात्र जमला नाही, चार वेळा केला आणि चारही वेळा गढूळ आला. तो राहिला. आणि पुढची आडवी दांडी, जिच्यावरून विणलेलं कापड खाली उतरतं, तिला त्यांनी काहीच लावलं नाही. "तिला कापड लागतं," म्हणाल्या. "रंग उतरेल." आयुष्यात चार बोटं कापड विणलेली बाई, पण हे त्यांना ठाऊक होतं.

जानेवारीत एका दुपारी आम्ही दोघी पावड्या पुसत बसलो होतो. त्या वर न बघता म्हणाल्या, "तेव्हा आईला तूच सांगितलंस ना?"

मी म्हटलं, "हो."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलणार? तू पोरच होतीस." त्यांनी फडकं उलटं केलं. मग म्हणाल्या, "तू पाहिलं होतंस ना ते? कसं झालं होतं?"

मी म्हटलं, "चांगलं होतं. काठ सरळ होता."

"बाबा म्हणाले होते, काठ ओढलाय."

"नव्हता ओढला."

त्यांनी मान हलवली. पुन्हा तो विषय निघाला नाही. छप्पन्न वर्षांपूर्वीची गोष्ट, तिला दहा मिनिटं लागली.

रंगावर शेवटी तेल लावायचं होतं, जवसाचं. दुकानात त्या स्वतः गेल्या आणि परत आल्या त्या खुशीत. "तो दुकानवाला मला लव्ह म्हणाला, वहिनी." मी म्हटलं, "त्याला चष्मा लागला असेल." जवसाची चटणी मी आयुष्यभर केली आहे. जवस म्हणजे माझ्या दृष्टीने खायची वस्तू. डबा बघितला तर त्यावर निळं फूल होतं आणि इंग्रजीत पुष्कळ लिहिलेलं. दुकानवाल्याने त्यांना बजावून सांगितलं होतं की या तेलाची फडकी गोळा करून ठेवायची नाहीत, ती आपोआप पेटतात. एकेक वेगळं, उघड्यावर वाळत घालायचं. त्यांनी मला तसंच सांगितलं. मी म्हटलं, "आपोआप? काडी न लावता?" त्या म्हणाल्या, "तो म्हणाला." मी म्हटलं, "त्याने तुम्हाला लव्हसुद्धा म्हटलं."

त्यांनी फडकी दोरीवर घातली. दोन दिवस तेल लावलं, दोन दिवस फडकी दोरीवर होती. सगळी आमच्याच जुन्या सुती लुगड्यांची, तेलाने तपकिरी झालेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेवटचा हात फिरवला, फडकी दोरीवर टाकली आणि जेवण करून पडल्या. त्या दिवशी डोंगराकडून गरम वारा सुटला होता. इथे त्याला नॉरवेस्टर म्हणतात. तो सुटला की अंगाची कातडी ताणते. फडकी त्या वाऱ्याने उडून सुनंदाच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर आपटत होती. एकावर डाग पडलाच. मी बाहेर गेले आणि फडकी काढली. आठ होती. अजून ओलसर होती. विणकराच्या घरात चिंधी टाकत नाहीत आणि बोळाही करून ठेवत नाहीत, तेव्हा मी प्रत्येकाची काठाला काठ लावून घडी घातली, एकावर एक ठेवली आणि गॅरेजमध्ये बाकाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोरड्या चिंध्यांच्या वर, ठेवून दिली. वरून झाकण लावलं. घड्या चांगल्या झाल्या होत्या. मला समाधान वाटलं होतं, हेही सांगते.

मग मीही आडवी झाले. मला जाग आली ती वन्संच्या हाकेने. पुढचं वर लिहिलं आहे.

फोनवर सुनंदाने कागद चिकटवून ठेवला होता, काही संकट आलं तर एक तीन वेळा दाबायचा म्हणून. मी तिकडे गेले नाही. शेजारच्या बाईने फोन केला. आगवाले सात-आठ मिनिटांत आले असतील. त्यांतल्या एकाने माझ्या हातातून फणी घ्यायचा प्रयत्न केला, मी दिली नाही. मग त्याने मला फणीसकट खुर्चीवर बसवलं. सुनंदा आली, दिलीप आला. दिलीप गवतावर खाली बसला आणि पुन्हा उठला. मी रडले नाही, आजपर्यंत रडले नाही. त्यात काही मोठेपणा नाही. येत नाही. जेवते, झोपते, पिठलं करते. पिठलं उरतं, कारण अजून चौघांचं करते.

दोन दिवसांनी एक माणूस चौकशीला आला. त्याने राख चाळून सांगितलं की आग बाकाखालून सुरू झाली, तेलाच्या फडक्यांतून. सुनंदाने मला मराठीत सांगितलं. दिलीप म्हणाला, "आईला किती वेळा सांगितलं होतं मी. दुकानदारानेही सांगितलं होतं. तिने ती तिथे कोंबली कशी?" मी समोर बसले होते. कोंबली नव्हती, घडी करून ठेवली होती, एवढंच मनात आलं. तिकडे इचलकरंजीला फोन गेले त्यात हेच गेलं की आईची चूक झाली. तेच पाहुण्यांत फिरलं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी दिलीप कामावर निघाला होता, बूट घालत होता. मी म्हटलं, "फडकी मी ठेवली."

त्याने वर पाहिलं. "कोणती फडकी, मामी?"

"दोरीवरची. तुझ्या आईने नीट वाळत घातली होती. मी काढून आत ठेवली."

त्याने बुटाची नाडी बांधली, मग म्हणाला, "तुम्हाला डब्यावरचं वाचता येत नव्हतं. त्यात तुमची काय चूक?"

तिथे मला गप्प बसता आलं असतं. त्याने दार उघडून दिलं होतं. सुनंदाही मागे उभी होती, तिने मला डोळ्याने खूण केली. पण मी म्हटलं, "डब्यावरचं वाचता येत नव्हतं. पण तुझ्या आईने मला तोंडाने सांगितलं होतं. मराठीत. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. त्यांनी सांगितलं म्हणून ऐकलं नाही."

दिलीप कामावर गेला. संध्याकाळी आला, जेवला. त्यानंतर तो मला तोडून बोलला नाही आणि जवळ येऊनही बोलला नाही. मामी, मीठ द्या. मामी, औषध घेतलं का. त्याच्या आईबद्दल तो सुनंदाशी बोलतो, दार लावून. त्याचं बरोबर आहे. परवा त्याने माझ्यापुढे एक पाकीट ठेवलं. आत दोन लोखंडी टोप्या होत्या, धोट्याच्या. राखेत सापडल्या होत्या, त्याने त्या इतके दिवस खिशात ठेवल्या होत्या. म्हणाला, "या आजोबांच्या ना? तुम्ही ओळखाल." मी ओळखल्या. त्याला परत दिल्या. त्याच्याकडेच असाव्यात.

तेव्हा पाहुण्यांनी हे वाचावं. इंदू वन्सं निष्काळजी नव्हत्या. त्यांनी बहात्तराव्या वर्षी एक माग खरवडला, दगडाचा, गवताचा, अक्रोडाचा आणि फुलांचा रंग शिजवून त्याला दिला, तेल दिलं, फडकी सांगितल्याप्रमाणे उघड्यावर घातली. पुढच्या बुधवारी हॉलमधल्या दोघी येऊन ताणा चढवायला मदत करणार होत्या. लोकर आणून ठेवली होती, ती अजून कपाटात आहे. रंग त्यांनी निवडला होता, शेवाळाचा, जो लाकडावर जमला नव्हता. त्या मागावर त्यांचं एक बोटही कापड विणून झालं नाही.

फणी माझ्या खोलीत दारामागे उभी आहे. तिच्या पोलादी दातांना एका बाजूने काजळी धरली आहे, ती मी पुसलेली नाही. वाकलेली नाही, त्यांनी सांगितलं होतं तशी सरळ आहे. दार पुरतं उघडलं की ते फणीला घासतं आणि खर्र असा आवाज होतो. सुनंदा म्हणते, "आई, कपाटावर ठेवू या." मी म्हणते, असू दे. खोलीत शिरताना मी आता सपाता बाहेर काढते. हात मोकळे असते तर मी वन्संना धरलं असतं का, हे मला कोणी विचारू नये, मला माहीत नाही. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. वाचले ती मी.